सर्रा: चंद्रपूरच्या रुग्णापासून काठेवाड्यांच्या उंटापर्यंत

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पशुपालकाच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा जनावरांच्या रक्तातला परजीवी सापडला. माणसातली ही जगात पहिली पक्की नोंद. माणसाच्या रक्तातलं एपीओएल-१ हे प्रथिन या परजीवीला मारतं. या रुग्णात तेच नव्हतं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

परजीवी मात्र जुना. १८८० साली डेरा इस्माइल खानला (आता पाकिस्तानात) ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने तो आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. रोगाचं नाव सर्रा. मोठ्या चावऱ्या माश्या तो पसरवतात, म्हणून पावसाळा आणि त्यामागचे महिने जोखमीचे. घोडा लवकर जातो. उंट वर्षानुवर्षं झिजतो. राजस्थानात म्हणूनच त्याला ‘तिबरसा’ म्हणतात, तीन वर्षांचा रोग. ताप येतो-जातो, वशिंड बसतं, पायांवर सूज येते, सांडणी गाभ टाकते.

पऱ्हाटी निघाली की विदर्भात काठेवाड्यांचे, म्हणजे गुजरातकडून आलेल्या भटक्या पशुपालकांचे, डेरे शिवारात उतरतात. खतासाठी बसवायच्या मेंढ्यांची चौकशी सगळे करतात. खाटा, भांडी नि कोकरं वाहणारा उंट कोणाच्या खिजगणतीत नसतो. देशात २०१२ मध्ये चार लाख उंट होते, २०१९ च्या पशुगणनेत अडीच लाख उरले. इथल्या डॉक्टरांचा हात गाई-म्हशींवर बसलेला, आणि उंटाला गाईचे नियम लागत नाहीत.

तापाचंच घ्या. तहानलेल्या उंटाचं अंग पहाटे ३४ अंशांवर उतरतं, दुपारी ४० वर जातं. त्यामुळे दुपारचा थर्मामीटर फसवतो, सकाळी मोजावं. रक्त ताप चढलेला असतानाच, कानाच्या टोकाचं घ्यावं आणि ओला थेंब लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. एरवी परजीवी इतके विरळ असतात की काचपट्टी कोरी दिसते आणि उंट ‘निरोगी’ ठरतो. एकदा सापडला नाही तर पुढच्या तापात पुन्हा बघायचं.

औषधात तर घोटाळा जिवावर बेततो. गुरांसाठी हाताशी असलेलं डायमिनाझिन उंटाला जेमतेम सोसतं. मात्रा थोडी वर गेली की विषबाधा. उंटाला क्विनापायरामिन सल्फेट, किलोमागे ५ मिलिग्रॅम, कातडीखाली. ४५० किलोच्या जनावराला सव्वादोन ग्रॅम होतात. ते दोन-तीन जागी विभागून टोचावं, नाहीतर मोठी गाठ येते. वजन कमी धरून औषध वाचवलं की उरलेले परजीवी त्याला दाद देईनासे होतात. आणि सुई प्रत्येक उंटाला वेगळी. एकाच सुईने कळप उरकला तर माशीचं काम टोचणाराच करतो.