सहा गावांतली बाळं आणि एका काउंटीच्या जुन्या वह्या

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात असा एक माणूस सापडतो, अंगाने काटकुळा, लग्नातला शर्ट अजून होतो, गोडाचं फार वेड नाही, आणि चाळिशी ओलांडली की एक दिवस रिपोर्ट येतो, शुगर आहे. माझ्या एका काकांचं हेच झालं, तेव्हा घरातले सगळे म्हणत होते की लॅबवाल्याची चूक असेल, परत करून बघा. परत केली तर तेच. डायबेटिस जाड माणसाला होतो हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, आणि त्यात आमचा तरी काय दोष, ज्या देशांत वैद्यकाची पुस्तकं लिहिली गेली तिथली माणसं तशीच होती.

हे कोडं ज्या दोन ठिकाणच्या कामामुळे बरंचसं उलगडलं त्यातलं एक ठिकाण म्हणजे इंग्लंडमधली हर्टफर्डशायर नावाची काउंटी, म्हणजे आपल्या भाषेत एक जिल्हाच, आणि दुसरं म्हणजे पुण्याजवळची सहा खेडी. दोन्हीकडे प्रश्न अगदी गावापुरता होता, आपल्याकडची बाळं कशी आहेत, बास एवढाच.

आधी इंग्लंडचं सांगतो. १९११ साली हर्टफर्डशायरमध्ये एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई सुईणींच्या कामावर देखरेख करायच्या. त्यांनी अशी पद्धत घालून दिली की बाळ जन्मलं की सुईणीने वजन करून नोंद करायची, मग वर्षभर आरोग्यसेविकेने त्या घरी जात राहायचं, बाळ अंगावर पितं का बाटलीवर, आजारपणं काय झाली, दात किती आले हे लिहायचं आणि वर्षाचं झालं की परत वजन करायचं. हे संशोधन म्हणून कोणी करत नव्हतं, त्या काळी तान्ही मुलं फार दगावायची आणि ती वाचावीत म्हणून ही सगळी धडपड होती. पण वह्या नीट लिहिल्या गेल्या, आणि नीट जपल्या गेल्या.

सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी साउथॅम्प्टन विद्यापीठातले डेव्हिड बार्कर त्या वह्यांपर्यंत पोचले. त्यांनी इंग्लंड आणि वेल्सचे नकाशे ताडून पाहिले होते आणि त्यात एक विचित्र गोष्ट दिसली होती, की १९२०च्या दशकात जिथे तान्ही मुलं जास्त दगावत होती त्याच भागांत आता मोठी माणसं हृदयविकाराने जास्त मरतायत. हृदयविकार म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणसाचा आजार असं तेव्हा मानलं जायचं, मग गरीब भागांत तो जास्त कसा? त्याचं उत्तर शोधायचं तर जन्माच्या वेळची माहिती माणूस-माणूस हवी होती, आणि ती ह्या वह्यांत होती. वह्यांमधली नावं घेऊन, कोण जिवंत आहे, कोण कशाने गेलं, हे सरकारी नोंदींशी जुळवत बसले आणि १९८९ साली ५,६५४ पुरुषांचा हिशोब प्रसिद्ध झाला. वर्षाचे असताना ज्यांचं वजन सव्वाआठ किलोच्या आत होतं त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सव्वाबारा किलो आणि त्याहून जास्त वजनाच्या मुलांच्या मानाने अडीच पटीहून जास्त निघालं. साठ वर्षांपूर्वी सुईणीने आणि आरोग्यसेविकेने लिहिलेले आकडे, आणि त्यात म्हातारपणातल्या हृदयाची खबर!

बार्कर ह्यांचं म्हणणं असं की पोटात असताना बाळाला कमी मिळालं तर शरीर तडजोड करतं, जे आहे ते आधी मेंदूला देतं, आणि स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू ह्यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. जीव वाचतो, पण ती कसर पुढे आयुष्यभर सोबत राहते. ह्यावर टीकाही झाली आणि ती योग्यच होती, कारण गरीब घरात जन्मलेलं मूल पुढेही गरिबीतच वाढतं, मग दोष पोटातल्या दिवसांचा की नंतरच्या पन्नास वर्षांचा हे एका काउंटीच्या वह्यांवरून ठरत नाही. म्हणूनच दुसऱ्या मातीत, दुसऱ्या माणसांत हे तपासणं गरजेचं होतं.

इथे आपलं पुणं येतं. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक डायबेटिसवर काम करत होते आणि त्यांच्यापुढे तेच माझ्या काकांसारखे रुग्ण होते, वयाने लहान, अंगाने बारीक. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या मंडळींबरोबर, त्यात कॅरोलिन फॉल ह्यांचं नाव घ्यायलाच हवं, त्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. आणि हे काम वह्या शोधण्याचं नव्हतं, वह्या नव्याने लिहिण्याचं होतं. गावातल्या अडीच हजारांहून जास्त बायकांची नोंद केली, कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीची तारीख विचारायच्या, म्हणजे दिवस राहिले की सुरुवातीपासून कळावं. मग आई काय खाते, किती काम करते, रक्तात काय आहे, आणि बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्याची मापं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, आता विचार करा, असल्या कामात ७२ तास पाळायचे म्हणजे काय धावपळ असते.

ह्या आयांचं सरासरी वजन दिवस राहण्याआधी ४२ किलोच्या आसपास, उंची १५२ सेंटिमीटर. बाळाचं वजन सरासरी २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या गोऱ्या बाळाचं ३.५ किलो. इथपर्यंत कोणालाच नवल वाटलं नसतं, आई बारीक तर बाळ बारीक. पण ह्या लोकांनी नुसता वजनकाटा वापरला नाही, टेप घेऊन डोक्याचा, दंडाचा, पोटाचा घेर मोजला, आणि एक बारीक चिमटा असतो त्याने पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची घडी धरून चरबीची जाडी मोजली. आपलं बाळ इंग्लंडच्या बाळापेक्षा पोटाच्या घेरात सगळ्यात मागे होतं, म्हणजे आतले अवयव लहान, दंडातही बरंच मागे, म्हणजे स्नायू कमी, लांबीत त्यामानाने कमी मागे, आणि चरबीत सगळ्यात कमी मागे. म्हणजे एवढंसं बाळ, हातापायाच्या काड्या, पण चरबी मात्र राखून ठेवलेली. ह्याला त्यांनी नाव दिलं थिन-फॅट बेबी, दिसायला लुकडं पण आतून चरबीवालं, आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

हे महत्त्वाचं का, तर जेवल्यावर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायू. स्नायू कमी आणि चरबी जास्त असेल तर तेवढ्याच साखरेसाठी शरीराला जास्त इन्सुलिन ओतावं लागतं, आणि ते इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड आधीच लहान असेल तर ते लवकर थकतं, आणि वजनकाट्यावर ह्यातलं काही दिसत नाही. २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी लंडनच्या जॉन युडकिन ह्यांच्याबरोबर स्वतःचाच दाखला छापला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन ह्यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. एकाच काट्यावर सारखी ठरलेली दोन माणसं, आत दुप्पट फरक. मला हे वाचलं तेव्हा काकांचा तो रिपोर्ट आठवला आणि खरं सांगतो, गळा दाटून आला, कारण ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की मी असं काय खाल्लं होतं?

आता कोणी म्हणेल, सहा गावं, सातशे-आठशे बाळंतपणं, एवढ्यावरून सगळ्यांचं कसं ठरवायचं? बरोबर आहे, नाहीच ठरवायचं. पण पुण्याने मोजायची पद्धत आणि नेमका प्रश्न दिला, मग मैसूरला मोजलं, तिथेही तसंच. आणि मला सगळ्यात चकित केलं ते सुरिनामने. दक्षिण अमेरिकेतल्या ह्या देशात १८७३ पासून भारतीय मजूर बोटीने नेले गेले, त्यांची चौथी-पाचवी पिढी आता तिथे आहे, आणि त्यांच्या बाळांची मापं घेतली तर तीही थिन-फॅट. समुद्र ओलांडून शंभरावर वर्षं झाली तरी देहाची ठेवण तीच. हे अनुवंशिक किती आणि आईकडून आईकडे पोटातून आलेलं किती ह्यावर वाद आहे, पण पुण्यात चिमटा लावलाच नसता तर सुरिनाममध्ये तो लावावा असं कोणाला सुचलं असतं?

अजून एक गोष्ट त्या गावांतून निघाली जी मला वैयक्तिकरित्या सगळ्यात मोलाची वाटते. आई एकूण किती कॅलरी खाते ह्याचा बाळाच्या मापाशी फारसा संबंध दिसला नाही, पण हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. आणि जिच्या डोक्यावर पाणी भरणं, शेतातली कामं ह्याचा भार जास्त, तिचं बाळ लहान. म्हणजे नुसतं दोन जीवांचं खा म्हणून ताटात भाकरी वाढत राहून भागत नाही, ताटात मेथी-चवळईची भाजी हवी आणि कोणीतरी तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवायला हवा. पुढे कळलं की ह्यातल्या साधारण दोन तृतीयांश बायकांना बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं, जे दुधातून, अंड्यातून, मांसमच्छीतून मिळतं. २००८ मध्ये असं दिसलं की गरोदरपणात ज्या आयांचं फोलेट (फोलिक अॅसिडच्या गोळीत असतं ते जीवनसत्त्व) जास्त आणि बी-१२ कमी, त्यांची मुलं सहा वर्षांची असताना इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती. पेशीच्या आत ही दोन जीवनसत्त्वं जोडीने काम करतात, एक भरपूर आणि दुसरं नाही तर गाडा नीट चालत नाही. (ह्याचा अर्थ फोलिक अॅसिडच्या गोळ्या बंद करा असा अजिबात नाही हं, बाळाच्या मणक्यातला दोष त्याने टळतो, गोळ्या डॉक्टर सांगतील तशा घ्यायच्याच.) बी-१२ची कमतरता फक्त पुण्यात थोडीच आहे, जिथे जिथे लोक शाकाहारी आहेत किंवा दूध-मांस परवडत नाही तिथे सगळीकडे हा प्रश्न लागू पडतो.

ही मुलं अठरा वर्षांची झाल्यावर परत तपासली. जवळजवळ निम्मी मुलं अजूनही कमी वजनाचीच होती, बीएमआय १८.५ च्या खाली, आणि तरी मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर मर्यादेबाहेर होती, बहुतेकांची प्री-डायबेटिसमध्ये, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. अठराव्या वर्षी, खेड्यातल्या, बारीक अंगाच्या मुलांची.

भारतात आता २३ बीएमआयपासूनच जास्त वजन धरतात, इतरांसाठी ती रेघ २५ आहे, आणि ब्रिटनमध्येही तिथल्या दक्षिण आशियाई लोकांसाठी २३ पासून सावध व्हा असं सांगतात. हे एकट्या पुण्यामुळे झालं असं म्हणणं खोटं ठरेल, आशियातल्या कितीतरी ठिकाणची मापं त्यामागे आहेत. पण बर्मिंगहॅममधल्या एखाद्या गुजराती किंवा मराठी माणसाला डॉक्टर आज लवकर साखर तपासायला सांगतात, त्यामागच्या पुराव्यात ह्या सहा गावांचाही वाटा आहे.

२०१२ मध्ये त्याच गावांतल्या त्याच मुलामुलींना, वयात येता येता, बी-१२ आणि बाकीची सूक्ष्म पोषणद्रव्यं द्यायचा प्रयोग सुरू झाला, म्हणजे दिवस राहिल्यावर नाही तर त्याच्या कितीतरी आधी, आणि फक्त मुलींनाच नाही, मुलग्यांनाही. १९९३ नंतर आईच्या पोटात असताना ज्यांची नोंद झाली होती ती मुलं पुढे स्वतः आईबाप झाली, आणि त्यांच्या बाळांची मापंही घेतली गेली.