तारीख का बदलली, आकडा का हलला? आमच्या हिशोब-प्रणालीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या जिनिंग, डाळ मिल, केळीचे व्यापारी, सराफी पेढ्या आणि सहकारी पतसंस्था आमची हिशोब-प्रणाली वापरतात. त्यांच्याकडून वर्षभर येणारे निम्मे फोन एकाच स्वरूपाचे असतात. साक्री-शिरपूरकडून फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "हाई काय व्हयनं भाऊ, तारीखच बदली गई!" हे पत्रक त्या फोनसाठी आहे.

तुमच्या प्रणालीतून एक्सेलची फाईल तयार होते किंवा बँकेची फाईल आत घेतली जाते, तेव्हा ते काम एक वेगळा भाग करतो. त्याला लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी आमच्याच ऑफिसात सुरू झाली. तिचा कोड खुला आहे, एमआयटी परवान्याखाली. कोणीही तो वाचावा, वापरावा, बदलावा, पैसे लागत नाहीत. त्यामुळे ती जर्मनीत, आखातात, अमेरिकेतही वापरली जाते आणि तिथल्या लोकांनी काढलेल्या चुका तुमच्या दुकानातल्या प्रणालीत दुरुस्त होऊन येतात. सांभाळण्याची जबाबदारी मात्र आमची, आणि तुमच्या वार्षिक देखभाल शुल्कातला एक भाग तिच्यावर खर्च होतो. म्हणून तिथे काय चालतं हे कळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

एका एप्रिल महिन्याची गोष्ट

धरणगाव भागातल्या एका जिनिंगमध्ये नवा लॅपटॉप आला. दिवाणजींनी बँकेचं एप्रिल २०२४ चं स्टेटमेंट सीएसव्ही फाईल म्हणून उतरवलं, एक्सेलमध्ये उघडलं, एक्सेलच्या फाईलीत सेव्ह केलं आणि आमच्या प्रणालीत टाकलं. एकूण बेरीज पैशापर्यंत जुळली. महिनावार पत्रक काढलं तर एप्रिल जवळजवळ रिकामा!

लॅपटॉपचा विभाग (विंडोजमधलं 'रीजन' हे सेटिंग) 'अमेरिका' असा होता. दुकानातून आला तसाच, कोणी हात लावलेला नव्हता. अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. त्यामुळे ०१/०४/२०२४ ही आपली १ एप्रिल तिथे ४ जानेवारी झाली. २ एप्रिलची ४ फेब्रुवारी, ३ एप्रिलची ४ मार्च. ४ एप्रिल तेवढी जागेवर राहिली, कारण ती उलटी वाचली तरी तीच. ५ एप्रिलपासून पुढच्या नोंदी ४ मे, ४ जून करत करत ४ डिसेंबरपर्यंत पसरल्या. आणि १३ तारखेपासून पुढे? तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेलने त्या तारखा मानल्याच नाहीत, नुसता मजकूर म्हणून ठेवल्या.

यातली सर्वांत वाईट गोष्ट पहिल्या तीन दिवसांची होती. त्या नोंदी मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसल्या. बेरीज जुळल्यामुळे कोणाला संशयही आला नाही. सीएंच्या टेबलावर फाईल गेल्यावर ते उघडकीला आलं. आमच्या प्रणालीने ही फाईल मुकाट्याने आत घेतली याचं आम्हाला फार वाईट वाटलं. तेव्हापासून लायब्ररीत एक तपासणी आहे: एकाच स्तंभात काही खऱ्या तारखा आणि काही मजकूर झालेल्या तारखा दिसल्या, तर ती थांबते आणि तुम्हाला विचारते. हा प्रश्न पडद्यावर आला की कृपया घाईत 'होय' दाबू नका.

तुम्हाला स्वतःला ओळखायचं असेल तर एक साधी खूण आहे. एक्सेलमध्ये खरी तारीख रकान्याच्या (म्हणजे एका चौकटीच्या) उजव्या कडेला चिकटते, मजकूर झालेली डाव्या. एकाच स्तंभात काही इकडे आणि काही तिकडे दिसल्या की फाईल बंद करा, सेव्ह न करता.

आत काय असतं, बाहेर काय दिसतं

एक्सेलच्या पोटात तारीख नसतेच. तिथे असतो एक क्रमांक. १ जानेवारी १९०० हा दिवस १, तिथून एकेक मोजत यायचं. १ एप्रिल २०२४ चा क्रमांक ४५३८३. रकान्यात हाच आकडा बसलेला असतो आणि वर फक्त वेष चढवलेला असतो. (या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० असा एक दिवस धरलेला आहे, जो कधी उगवलाच नाही. लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीतली ती चूक एक्सेलने मुद्दाम तशीच ठेवली, जुन्या फाईली जुळाव्यात म्हणून. आम्हालाही ती तशीच सांभाळावी लागते.) मॅकवरच्या जुन्या एक्सेलमध्ये मोजणी १९०४ पासून होते. फाईलमधली ती खूण वाचायची राहिली तर प्रत्येक तारीख १,४६२ दिवसांनी सरकते, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस.

हा फरक एकदा लक्षात आला की निम्मी भीती जाते. एक्सएलएसएक्स फाईल, म्हणजे एक्सेलची नेहमीची फाईल, जळगावच्या कॉम्प्युटरवर ०३-०४-२०२४ दाखवेल आणि अमेरिकन मांडणीच्या कॉम्प्युटरवर ४/३/२०२४ दाखवेल. दोन्ही बरोबर आहेत. आतला क्रमांक ४५३८५ तोच आहे, हिशोबाला धक्का नाही. गोंधळ नको म्हणून आम्ही आता बिलांवर आणि पॅकिंग लिस्टवर महिना अक्षरी देतो.

सीएसव्हीचं तसं नाही. ती फाईल म्हणजे नुसती अक्षरं. ०३/०४ म्हणजे काय हे तिच्यात कुठेही लिहिलेलं नसतं, ज्याने उघडली त्याचा कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून आमचा स्पष्ट आग्रह: बँक किंवा खरेदीदार दोन्ही प्रकार देत असेल तर एक्सएलएसएक्सच मागा. सीएसव्हीच मिळत असेल तर ती एक्सेलमध्ये न उघडता थेट आमच्या प्रणालीत टाका. आम्ही प्रत्येक बँकेसाठी तारखेचा क्रम आधीच नोंदवून ठेवतो.

बारा ग्रॅमचे बारा हजार

सराफांनी हा भाग जरूर वाचावा. आपण १२.३४५ ग्रॅम लिहितो तेव्हा टिंब म्हणजे दशांश. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम वापरतात आणि टिंब हजार तोडायला. तिथल्या मांडणीच्या कॉम्प्युटरवर सीएसव्हीमधलं १२.३४५ हे बारा हजार तीनशे पंचेचाळीस होतं. सोन्याच्या वजनात ही चूक म्हणजे काय, हे जळगावच्या माणसाला सांगायला नको.

आमच्या लायब्ररीने एकदा याच बाबतीत मोठी चूक केली होती. एक्सएलएसएक्स फाईल उघडून पाहिली तर ती झिप केलेल्या एक्सएमएल फाईलींचं गाठोडं असते, आणि या फाईलींसाठी ठरलेल्या नियमांनुसार आतल्या आकड्यांत दशांशचिन्ह नेहमी टिंबच असायला हवं, कॉम्प्युटर कुठल्याही देशाचा असो. आमचा कोड मात्र कॉम्प्युटरलाच विचारत होता, "तुमच्याकडे दशांश कसा लिहितात?" इथे सगळं सुरळीत चालायचं. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याने कळवलं की त्याच्याकडे बनलेली प्रत्येक फाईल उघडताना एक्सेल 'दुरुस्त करू का' असं विचारतं. दुरुस्ती दोन ओळींची होती. ती सापडायला तीन रात्री गेल्या, कारण आमच्याकडे जर्मन मांडणीचा एकही कॉम्प्युटर नव्हता. आता प्रत्येक बदलानंतर भारत, अमेरिका, जर्मनी आणि सौदी अरेबिया अशा चार मांडण्यांत सगळ्या तपासण्या आपोआप चालतात. एक जरी नापास झाली तर तो बदल तुमच्यापर्यंत पोचत नाही.

लाख-कोटींचं उलट आहे. १२,३४,५६७ अशी मांडणी सगळ्यांना हवी असते. त्यासाठी आम्ही पूर्वी रकान्यालाच एक खास नमुना लावत होतो. जमेच्या आकड्यांना तो चालायचा, पण उणे रक्कम आली की तीच रक्कम -१,२३४,५६७ अशी दिसायची, कारण त्या नमुन्यात अटी दोनच बसतात आणि उणे आकडे तिसऱ्या घरात पडतात. येणं एका रीतीचं आणि देणं दुसऱ्या रीतीचं, असं खातं कोणाला द्यायचं? आम्ही तो नमुना काढून टाकला. आता रकाना साधा ठेवतो, आणि विंडोजमध्ये विभाग 'भारत' निवडला की एक्सेल स्वतःच लाखाप्रमाणे स्वल्पविराम देतं. एकच सेटिंग, पण तारीख आणि रक्कम दोन्ही मार्गी लागतात. आमचा माणूस भेटीला येईल तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरवर हे करून देईल.

मराठी अंक

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यांच्या मुलाने हौसेने ब्राउझरची भाषा मराठी केली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्यांचे क्विंटल शून्य. घडलं असं की जगभरातल्या प्रणाली भाषांच्या सवयी युनिकोडच्या (सगळ्या लिपींची अक्षरं कॉम्प्युटरसाठी ठरवणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या) एका सामायिक कोठारातून घेतात, आणि त्यात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी धरलेले आहेत. (हिंदीसाठी तसं नाही, तिथे इंग्रजी अंक आहेत.) ब्राउझरने वजन देवनागरी अंकांत दिलं आणि आमच्या लायब्ररीला ते आकडेच वाटले नाहीत.

त्या मुलाची काही चूक नव्हती, आणि 'भाषा परत इंग्रजी करा' असं सांगणं आम्हाला पटलं नाही. खानदेशातल्या माणसाने आपल्या अंकांत हिशोब लिहिला तर कॉम्प्युटरने तो वाचायलाच हवा. आता लायब्ररी देवनागरी अंक वाचते, आखातातल्या वापरकर्त्यांसाठी अरबी अंकही वाचते. एकाच आकड्यात दोन लिपींचे अंक मिसळले असतील तर मात्र ती अंदाज बांधत नाही, रकाना पिवळा करून तुमच्यासाठी सोडते.

नावांच्या यादीबद्दलही दोन शब्द. कॉम्प्युटरच्या कच्च्या क्रमात ळ हा ल नंतर येतो, क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये शिरतो. आपल्या मुळाक्षरांत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. खातेदारांची यादी आता आपल्या क्रमाने लागते. आणि कऱ्हाडे, वऱ्हाडे अशा आडनावांतला अर्धा र दोन पद्धतींनी टाईप होतो. दिसायला तंतोतंत सारखा, आतून वेगळा. त्यामुळे एकाच माणसाची दोन खाती तयार व्हायची. आत घेतानाच आम्ही आता ती एक करतो.

आकडे नसलेले आकडे

गट क्रमांक १२/३ एक्सेलमध्ये टाईप करा. एंटर दाबताच तो १२ मार्च होतो. पतसंस्थांच्या कर्ज-रजिस्टरमध्ये हे आम्ही कितीदा पाहिलं असेल. हे फक्त आपलंच दुखणं नाही. एक्सेल मानवी जनुकांच्या नावांच्या तारखा करत होतं, म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी जनुकांची नावंच बदलली. आपल्याला तलाठ्याचे गट बदलता येणार नाहीत.

खाते क्रमांकाचं तसंच. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं. १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाकला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि सेव्ह केल्यावर मूळ अंक परत मिळत नाही. आकड्याच्या सुरुवातीचं शून्यही गळतं. गट क्रमांक, खाते क्रमांक, मोबाईल, बिल्टी क्रमांक हे आम्ही मजकूर म्हणूनच लिहितो. रकान्याच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल आणि एक्सेल 'आकड्यात बदलू का' असं सुचवेल. बदलू नका. तो त्रिकोण असू द्या.

नवी आवृत्ती कधी आणि कशी येते

आवृत्तीच्या क्रमांकात तीन भाग असतात. शेवटचा बदलला तर फक्त चूक दुरुस्त झाली आहे, मधला बदलला तर काही नवं आलं आहे. पहिला बदलला तर तुमच्या जुन्या नमुन्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्या आधी आम्ही फोन करतो आणि तुमच्याच जुन्या फाईलींवर चालवून दाखवतो. मार्चअखेर, दिवाळीचं वहीपूजन आणि जीएसटीच्या ११ व २० तारखेआधीचे दोन दिवस, या काळात आम्ही काहीही बदलत नाही. अपवाद फक्त सुरक्षेच्या दुरुस्तीचा.

खुल्या कोडमध्ये कोणीही काहीही घालू शकतं का, असं पतसंस्थांचे संचालक विचारतात. सुचवू कोणीही शकतं, आत घेणं आमच्या हातात आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या खुल्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला होता. तो घालणाऱ्याने आधी दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला होता. म्हणून आमच्याकडे ओळखीच्या माणसाचा बदलसुद्धा दोघांनी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय आत जात नाही.

तुमचा हिशोब मात्र खुला होत नाही. तुमच्या फाईलमध्ये चूक सापडली तर आम्ही तशीच चूक असलेली, बनावट नावांची आणि बनावट रकमांची छोटी फाईल तयार करतो. तीच तपासणीत कायमची जाते, तुमची फाईल आमच्याकडून पुसली जाते.

म्हणून अडचण आली की आम्हाला बँकेकडून किंवा व्यापाऱ्याकडून आली तशी मूळ फाईल पाठवा. एकदा एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केलेली फाईल नको, तिच्यातला पुरावा गेलेला असतो. सोबत मोबाईलवर दोन फोटो काढा: एक चुकलेल्या रकान्याचा, वरची पट्टी दिसेल असा, आणि एक विंडोजच्या विभाग-सेटिंगचा. ती फाईल कोणत्या कॉम्प्युटरवर उघडली होती, दुकानातल्या की घरच्या लॅपटॉपवर, एवढंही लिहा.