तारामासे फुकुशिमामुळे मेले नाहीत

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर २०१३पासून तारामासे अक्षरशः विरघळून मरू लागले. जपानमधल्या फुकुशिमा अणुप्रकल्पाची दुर्घटना २०११ची. त्यामुळे ‘किरणोत्सर्गानेच मेले’ ही अफवा उठली आणि ती अजून फिरतेच आहे.

पण जुन्या नोंदी बघा: कॅलिफोर्नियाच्या आखातात १९७८मध्येही तारामासे असेच पटापट मेले होते, म्हणजे दुर्घटनेच्या ३३ वर्षं आधी.

खरा गुन्हेगार २०२५मध्ये सापडला, व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू. प्रयोगात ‘सूर्यफूल तारामासा’ या जातीच्या आजारी माशाच्या अंगातला द्रव निरोगी तारामाशाला टोचला, की काही दिवसांत त्याचे बाहू पिळवटायचे, गळून पडायचे. तोच द्रव उकळून टोचला तर गडी ठणठणीत! किरणोत्सर्ग काही उकळून जात नाही.

तापलेल्या समुद्रात हा आजार बळावतो, हा संशय मात्र रास्त आहे. सूर्यफूल तारामाशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक नष्ट झालेत.