रीप्रेस आणि रीइश्यू: एक पुनर्मुद्रण, दुसरी नवी आवृत्ती

मागच्या रविवारी भाचा त्रिमूर्ती नगरहून आला तो तबकडीचा चौकोनी खोका छातीशी धरूनच. "मामा, ड्रेक्सियाचं रीप्रेस भेटलं! ओरिजिनल प्लेटवरून काढलं म्हणते विकणारा." खोका उघडला. आत रॉटरडॅमच्या क्लोन या लेबलनं, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या कंपनीनं, काढलेल्या 'जर्नी ऑफ द डीप सी ड्वेलर'चा पहिला भाग होता. वस्तू अस्सल, आवाज सुरेख. विकणाऱ्याचं वाक्य मात्र चुकीचं होतं.

जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड या डेट्रॉइटच्या इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या जोडीनं ड्रेक्सिया या नावानं १९९० च्या दशकात बारा इंची तबकड्या काढल्या. स्टिन्सन २००२ मध्ये गेला. २०११ पासून क्लोननं त्या वेगवेगळ्या तबकड्यांमधले ट्रॅक निवडून, नव्यानं जुळवून चार भागांचा संग्रह काढला. या क्रमानं हे ट्रॅक त्याआधी कधीच एका तबकडीवर नव्हते. म्हणजे ज्या 'ओरिजिनल प्लेट'वरून हे काढलं म्हणतात, ती प्लेट अस्तित्वातच नव्हती. भाच्याच्या हातात होता तो रीइश्यू.

मराठी वाचणाऱ्याला हा फरक खरं तर लगेच कळायला हवा. पुस्तकाचं पहिलं पान उलटलं की मागे छापलेलं असतं: पहिली आवृत्ती अमुक साल, पुनर्मुद्रण तमुक साल. पुनर्मुद्रणात जुळवलेलं पान तेच असतं, फक्त पुन्हा छापलेलं. नव्या आवृत्तीत मजकूर पुन्हा जुळवतात, चुका दुरुस्त होतात, कधी नव्याही शिरतात, प्रकाशकही बदलू शकतो. रीप्रेस म्हणजे पुनर्मुद्रण आणि रीइश्यू म्हणजे नवी आवृत्ती. दुसऱ्या आवृत्तीचं तिसरं पुनर्मुद्रण असू शकतं, तसं रीइश्यूचंही रीप्रेस निघतं, आणि सगळा घोळ बहुतेक इथेच होतो.

छपाईची उपमा इथे अगदी शब्दशः लागू पडते. तबकडी करताना आधी ॲल्युमिनिअमच्या चकतीवरच्या मऊ लॅकरमध्ये लेथनं खाच कोरतात. त्या लॅकरवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवतात आणि ते सोडवलं की उलटा साचा मिळतो, तो फादर. फादरवरून मदर, मदरवरून स्टँपर. स्टँपर प्रेसमध्ये लागतो आणि गरम पीव्हीसीच्या गोळ्यावर दाबला जातो. एक स्टँपर साधारण हजारभर तबकड्यांनंतर झिजतो. पण मदर नीट जपलेली असेल तर तिच्यावरून नवे स्टँपर काढता येतात आणि वीस वर्षांनीही तीच खाच, तोच आवाज पुन्हा छापता येतो. याला रीप्रेस म्हणायचं. बर्लिनच्या बेसिक चॅनेल या टेक्नो संगीताच्या लेबलच्या १९९३ पासूनच्या तबकड्याही वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा निघत आल्या आहेत.

मदर हरवली, लेबल बंद पडलं किंवा हक्क दुसऱ्याकडे गेले, की पुन्हा मूळ ध्वनिमुद्रणाच्या टेपपासून सुरुवात करावी लागते. टेपही नसेल तर एखादी चांगली जुनी तबकडी वाजवून त्यावरून. मग नवा इंजिनिअर, नवं मास्टरिंग, नवं लॅकर. आवाज सुधारू शकतो आणि बिघडूही शकतो. एक गोष्ट मी हमखास पाहतो: मूळ बारा इंचीवर एका बाजूला एकच ट्रॅक ४५ च्या वेगानं असेल आणि रीइश्यूमध्ये त्याच बाजूला ३३ च्या वेगानं तीन ट्रॅक बसवले असतील, तर खाचा दाटीनं कोराव्या लागतात, आवाजाची पातळी खाली येते आणि बेस आक्रसतो. हाऊससारख्या नाचाच्या संगीतात बेस आक्रसला तर उरलं काय?

आता ओळखायचं कसं? कव्हरवर विसंबू नका. कव्हर हुबेहूब जुनंच छापतात, ते रास्तही आहे. वर्तुळातल्या पी पुढचं साल बघा, पण तेही अनेकदा जुनंच ठेवलेलं असतं. खरी साक्ष देते ती मधल्या कागदी लेबलभोवतीची कोरी पट्टी, जिथे संगीत संपतं आणि सुई नुसती फिरत राहते. भाच्याला मी तबकडी कडेनं धरायला लावली, ट्यूबलाइट बंद केली आणि मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरला. काळ्याभोर चकाकीत बारीक अक्षरं उठली. काही ठशानं मारलेली, काही हातानं कोरलेली. दोन-तीनदा फिरवून त्यानं एकेक अक्षर वाचलं. हा मॅट्रिक्स नंबर, आणि सोबत बऱ्याचदा लॅकर कोरणाऱ्याची खूण. मूळ प्रत आणि नवी प्रत यांची ही पट्टी जशीच्या तशी असेल तर ते रीप्रेस. नंबर किंवा खूण वेगळी असेल तर लॅकर पुन्हा कोरलं गेलंय.

डेट्रॉइटच्या बाबतीत ही पट्टी वाचण्यात वेगळाच आनंद आहे. तिथे रॉन मर्फी नावाचा माणूस नॅशनल साउंड कॉर्पोरेशन चालवायचा. डेट्रॉइट टेक्नोच्या कितीतरी तबकड्यांचं लॅकर त्यानं कोरलं आणि पट्टीवर 'एनएससी' ही खूण सोडली. जेफ मिल्सच्या 'सायकल ३०' या १९९४ च्या तबकडीवरच्या बंद खाचा त्याच्याच हातच्या. बंद खाच म्हणजे सुई पुढे न सरकता त्याच वर्तुळात फिरत राहते. ३३ पूर्णांक एक तृतीयांश वेगानं एक फेरा बरोबर १.८ सेकंदांचा होतो. त्यात चार ठोके बसवायचे तर लय मिनिटाला १३३ च्या किंचित वर हवी, आणि टोकं अशी जुळायला हवीत की सांधा ऐकूच येऊ नये. मर्फी २००८ मध्ये वारला. त्याच्या लॅकरवरून निघालेलं रीप्रेस म्हणजे त्याचा हात आजही शिल्लक आहे. तेच संगीत दुसऱ्यानं नव्यानं कोरलं तर ते कितीही चांगलं असो, हात दुसऱ्याचा असतो.

म्हणून रीप्रेस श्रेष्ठ आणि रीइश्यू दुय्यम, असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. शिकागोकडे बघा. फ्यूचर या गटाचा १९८७ चा 'ॲसिड ट्रॅक्स', मिस्टर फिंगर्सचा १९८६ चा 'कॅन यू फील इट', दोन्ही तिथल्या 'ट्रॅक्स रेकॉर्ड्स' या लेबलवर निघाले. त्या लेबलच्या मूळ तबकड्या खरखरीसाठी कुप्रसिद्ध आहेत, कारण पीव्हीसी हलक्या प्रतीचं वापरलं जायचं. तशा खाचांची इमानदार नक्कल करून मिळणार काय? इथे टेपवरून केलेला नेटका रीइश्यूच हवा. दुसरा प्रश्न पैशाचा. मिस्टर फिंगर्स म्हणजे लॅरी हर्ड. त्यानं आणि गायक रॉबर्ट ओवेन्सनं २०२० मध्ये ट्रॅक्सवर थकलेल्या रॉयल्टीचा दावा लावला, २०२२ मध्ये तडजोड झाली आणि त्यांच्या रचनांचे हक्क त्यांच्याकडे परत आले. छत्तीस वर्षं! रीप्रेस बहुधा जुन्याच हक्कदाराच्या खिशात जातं. रीइश्यूच्या वेळी करार नव्यानं होतो, आणि तो प्रामाणिक असेल तर कलाकाराला पहिल्यांदा काही मिळतं. मी विकत घेताना हे आधी बघतो, आवाज नंतर.

आणि आपल्या घरचंच उदाहरण घ्या. चरणजित सिंग यांनी मुंबईत 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' रेकॉर्ड केलं १९८२ मध्ये. रोलंडचं टीबी-३०३ हे बेसचं आणि टीआर-८०८ हे ठोक्यांचं यंत्र वापरून, शिकागोच्या ॲसिड हाऊसच्या कितीतरी आधी. तेव्हा ते फारसं कुणी घेतलं नाही. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच लेबलनं ते पुन्हा काढलं आणि जगभर लोक चकित झाले. भैरवीवर तशी बेसलाइन चालताना मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा उठून पुन्हा सुई मागे ठेवली होती. हा रीइश्यू निघाला नसता तर नागपुरात बसून मला ते ऐकायला मिळालंच नसतं.

एक तिसरा प्रकारही या दोघांत मिसळला जातो, तो थोडक्यात सांगतो. व्हर्गो फोर या शिकागोच्या जोडीचा 'रिझरेक्शन' ॲम्स्टरडॅमच्या रश अवरनं २०११ मध्ये काढला. संगीत बहुतेक १९८० च्या दशकातलं, पण आधी कधी निघालेलंच नव्हतं. वाजवायला जुनं, छापायला नवं. हा रीइश्यू नव्हे, पहिली आवृत्तीच आहे, उशिरा आलेली. आणि लॅरी हर्डचा २०१८ चा 'सेरेब्रल हेमिस्फियर्स' तर सरळ सरळ नवा अल्बम, त्याच्या स्वतःच्या ॲलिव्हिएटेड लेबलवर. मिस्टर फिंगर्स हे नाव दिसलं की दुकानदार तो 'क्लासिक'च्या खणात टाकतात आणि घेणाऱ्याला वाटतं, जुनंच काहीतरी परत आलं.

भाच्याला मी इतकंच सांगितलं की पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्या कोऱ्या पट्टीचा फोटो माग. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नको. आणि एप्रिल-मे मध्ये काही मागवू नको बाबू. पीव्हीसी उन्हात मऊ पडतं. बाहेर पंचेचाळीस असताना पार्सल बंद गाडीत दुपारभर तापलं, तर आतून निघणारी तबकडी पापडासारखी वाकलेली असते, आणि मग ती रीप्रेस होती की रीइश्यू यानं काही फरक पडत नाही. त्यानं मान डोलावली आणि पहिली बाजू लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला: काळ्या पट्टीवर तिरप्या उजेडात चार अक्षरं, आणि खाली प्रश्न, "मामा, हा कोणाचा हात आहे?"