वस्त्रसाठवण

वस्त्रसाठवण : वापरात नसलेल्या कपड्याचा आकार, वीण व रंग टिकावा म्हणून तो टांगून, घडी घालून किंवा गुंडाळून ठेवण्याची रीत. कपडा टांगावा की घडी करावा, हे त्याच्या किमतीवरून नव्हे, तर टांगल्यावर त्याचे वजन कुठे पडते आणि ते पेलण्याची ताकद त्याच्या विणीत आहे की नाही, यावरून ठरते.

मागावर विणलेल्या कापडात ताणा (उभे धागे) व बाणा (आडवे धागे) एकमेकांना अडवून धरतात. त्यामुळे सदरा किंवा कोट टांगला तरी सहसा लांबत नाही. स्वेटर मात्र एकमेकांत अडकवलेल्या टाक्यांचा असल्याने स्वतःच्याच वजनाने ओढला जातो आणि हँगरच्या टोकांपाशी खांद्यावर शिंगे उगवल्यासारखा दिसू लागतो. ओला असेल तर फारच लवकर. तो सपाट वाळवून घडीतच ठेवावा. उरेब (धाग्यांना तिरका) कापलेला घेरही टांगून ठेवल्यास खाली-वर होतो. कोटाचा हँगर रुंद, खांद्याच्या शिवणीपर्यंत पोचणारा हवा. लाँड्रीतून येणारा तारेचा हँगर खांद्याला टोचतो आणि पावसाळ्यात त्याच्या गंजाचे डाग पडतात.

इंदूरच्या मराठी घरांत या विषयाचा खरा कस साडीवर लागतो. अहिल्याबाई होळकरांच्या (१७२५–९५) आश्रयाने नावारूपाला आलेली महेश्वरची साडी इथून सुमारे ९० किमी. अंतरावर विणली जाते. तिच्या रूढ प्रकारात ताणा रेशमी व बाणा सुती असून काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतील असे असतात. अशी साडी, पैठणी किंवा शालू बारीक दांडीवर महिनोन् महिने लोंबत ठेवल्यास दांडीवरच्या रेषेत रेशीम कमकुवत होते. घडीतही तोच धोका असतो, कारण दुमड एकाच जागी राहिली तर जरीची तार तिथे चिरते. म्हणून तीन-चार महिन्यांनी दोघींनी समोरासमोर उभे राहून, काठाला काठ जुळवून घडी बदलायची असते. मराठीत ‘घडी मोडणे’ म्हणजे नवे वस्त्र प्रथम नेसणे; पेटीतल्या साडीच्या बाबतीत मात्र हा शब्दप्रयोग अक्षरशः आणि वरचेवर अमलात आणावा लागतो. नंतर साडी जुन्या, खळ धुऊन काढलेल्या धोतराच्या धडप्यात गुंडाळतात. प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा हा धडपा केव्हाही बरा, कारण पिशवीत ओल कोंडते, सुती कापडातून हवा खेळते. चांदीच्या जरीवर हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे सल्फाइडचा काळा थर चढतो. अत्तर किंवा सेंट थेट जरीवर पडू देऊ नये.

‘कसर लागली’ असे आपण सरसकट म्हणतो, पण कसर एकच नसते. एक चपळ, चंदेरी, बिनपंखी किडा खळ व सूत खातो, तर पतंगाची अळी लोकर व इतर प्राणिज तंतू खाते आणि घामाचे वा अन्नाचे डाग असतील तिथे आधी पोचते. त्यामुळे न धुता ठेवलेला कपडा सर्वांत आधी जातो. वेखंड, लवंग, कडुनिंबाचा पाला यांच्या वासाने किडे थोडेफार दूर राहतात, अळी मरतेच असे नाही. डांबरगोळीची वाफ हवेपेक्षा जड असल्याने गोळ्या पुरचुंडीत बांधून कपड्यांच्या वर ठेवाव्यात, जरीला टेकू देऊ नयेत. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत मात्र त्या कधीही घालू नयेत. जीसिक्सपीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात.

माळव्याचा उन्हाळा कोरडा, पण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बाहेरच्या भिंतीला टेकलेली अलमारी (इंदुरी मराठीत कपाटाला सर्रास हाच शब्द) ओल धरते. म्हणून ती भिंतीपासून चार बोटे पुढे ओढतात आणि उघडीप मिळताच दारे उघडी टाकतात. ‘ऊन दाखवणे’ सुती व लोकरी कपड्यांना मानवते. रेशीम व गडद रंग सावलीतच वारा देऊन आत घ्यावेत. लोकरीचे कपडे होळीच्या सुमारास धुऊन, पूर्ण वाळवून घडीत जातात आणि दिवाळीनंतर बाहेर येतात.