किलोमीटर वाढवले की वेग वाढतो का?

रविवारी सकाळी बेळगावहून हिंडलगा, सुळगा, बाचीपर्यंत जाऊन परतलेले सायकलवाले चहाला थांबले की एक प्रश्न हमखास निघतो. "आठवड्याला शंभर किलोमीटर होतात माझे. दोनशे केले तर स्पीड वाढेल काय?" यावर एकजण सांगतो, नुसते किलोमीटर जमवून काही होत नाही, जोरात मार. दुसरा म्हणतो, पाय फिरवत राहा, बाकीचं आपोआप होतं. दोघांच्याही बाजूने सांगता येतील असे प्रयोग झालेले आहेत. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला तीन-चार तास सायकल चालवणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठा फायदा तास वाढवण्यातूनच मिळतो. अट एकच, वाढवलेले तास सावकाश चालवलेले असले पाहिजेत.

याचा सगळ्यात सरळ पुरावा २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळतो. डेव्हिड मॉन्टेरो आणि कार्स्टन लुंडबी या शास्त्रज्ञांनी ७८ निरोगी तरुणांचे पाच गट केले आणि त्यांना व्यायामाच्या सायकलीवर सहा आठवडे सराव दिला. पहिल्या गटाला आठवड्यातून एकदा, दुसऱ्याला दोनदा, असं करत पाचव्या गटाला पाच वेळा. प्रत्येक वेळी तासभर. सहा आठवड्यांनी प्रत्येकाची पेडलवरची कमाल ताकद पुन्हा मोजली. आठवड्याला एकच तास चालवणाऱ्यांपैकी ६९ टक्के लोकांत काहीच सुधारणा दिसली नाही. दोन तासवाल्यांत असे ४० टक्के निघाले, तीन तासवाल्यांत २९ टक्के. चार आणि पाच तासांच्या गटांत मात्र सुधारणा न झालेला एकही जण सापडला नाही.

मला या प्रयोगाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्यात काहीच फरक पडला नव्हता, त्यांना आणखी सहा आठवडे दिले आणि आठवड्याचे दोन तास वाढवले. मग त्यांच्यातही सुधारणा झाली. "माझ्या अंगातच नाही ते" असं म्हणून सायकल भिंतीला टेकवून ठेवणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या अंगात ते असतं; मात्रा कमी पडलेली असते.

तास वाढवले की शरीरात नेमकं काय बदलतं? सुरुवात रक्तापासून होते. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रव भाग वाढतो, त्यामुळे हृदयात प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त भरतं आणि जास्त बाहेर फेकलं जातं. त्याच चढाला नाडीचे ठोके पूर्वीपेक्षा कमी होऊ लागतात ते यामुळे. पुढचे बदल मांडीच्या स्नायूत होतात आणि त्यांना महिने लागतात. स्नायूच्या धाग्यांभोवती बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. अँडरसन आणि हेन्रिक्सन यांच्या १९७७ च्या प्रयोगात आठ आठवडे, आठवड्यातून चार वेळा ४० मिनिटं सायकल चालवल्यावर केशवाहिन्यांची घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली आढळली. पेशींच्या आत, प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, वाढतात. जॉन हॉलॉझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना बारा आठवडे पट्ट्यावर पळवून दाखवून दिलं की स्नायूंतल्या तंतुकणिकांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट होते. त्या काळात सहनशक्ती म्हणजे फक्त हृदय आणि फुप्फुसं असाच समज होता. ती मांडीतही घडते, हे या कामामुळे कळलं.

तंतुकणिका वाढल्याने लांबच्या अंतरात वेग का टिकतो? शरीरात साखरेचा साठा मोजका असतो. स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, यकृतात शंभरेक ग्रॅम. चरबी मात्र सडपातळ माणसाकडेही कित्येक दिवस पुरेल एवढी असते. तंतुकणिका जास्त असल्या की त्याच वेगाला शरीर चरबी जास्त जाळतं आणि साखर राखून ठेवतं. कणकुंबीपर्यंत जोशात गेलेला आणि परत येताना जांबोटीजवळच पाय संपलेला माणूस हा बहुतेक वेळा साखर संपलेला माणूस असतो. (दोन तासांपेक्षा लांब जाणाऱ्याने तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय किंवा गोड काहीतरी पोटात टाकायलाच हवं. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतात. नुसत्या पाण्यावर घाट करण्यात कसलीही मर्दुमकी नाही.)

पण मग रोज सायकल चालवणारा प्रत्येकजण वेगवान का होत नाही? आपल्या भागात किटल्या लावून खेड्यांतून शहरात दूध घालायला येणारे लोक वर्षानुवर्षं सायकल चालवत आले. त्यांचा दम दांडगा असतो, पाय कणखर असतात. तरी दहाव्या वर्षी ते पाचव्या वर्षापेक्षा जोरात जात नाहीत. तेच अंतर, तेच वजन, तीच चाल. शरीर गरजेपुरतं बदलतं आणि थांबतं. आठवड्याला शंभर किलोमीटर तीन वर्षं चालवणाऱ्याचंही हेच होतं. त्याच्यासाठी शंभरचे दीडशे करणं हा खराखुरा नवा धक्का असतो.

तो धक्का कोणत्या जोराने द्यायचा, इथे बहुतेकांचं गणित चुकतं. आठ-दहा सायकली एकत्र निघाल्या की शहर मागे पडताच शर्यत सुरू होते. कोणी मागे राहायला तयार नसतो. सगळी फेरी धड सावकाशही नाही आणि धड जोरातही नाही अशा मधल्या चालीत जाते. धाप लागलेली असते, वाक्य पुरं बोलता येत नाही, तरी हा काही खरा इंटरव्हल सराव, म्हणजे थोडा वेळ पूर्ण जोर आणि मध्ये विश्रांती असा ठरवून केलेला सराव, नव्हे. अशा चालीचे चार तास झाले की पुढचे दोन दिवस पाय जड राहतात आणि बुधवारची फेरी रद्द होते. म्हणजे एका रविवारच्या जोशाने आठवड्याचे तास उलट कमीच केले.

नॉर्वेत काम करणारे अमेरिकी संशोधक स्टीफन सायलर यांनी वल्हेकरी, स्कीपटू, सायकलपटू अशा अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या सुमारे ८० टक्के फेऱ्या अगदी सोप्या चालीच्या आणि उरलेल्या २० टक्के खरोखर कठीण निघाल्या. व्यावसायिक सायकलपटू वर्षाला २५ ते ३५ हजार किलोमीटर चालवतात. एवढे किलोमीटर जोरात चालवणं कोणत्याच शरीराला झेपणारं नाही. सोप्या चालीची ओळख करायला कुठलंही यंत्र लागत नाही. शेजारच्याशी न अडखळता पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. चढाला लागल्यावर हे जमत नसेल तर गिअर आणखी हलका करावा, कोणी पुढे गेला तर जाऊ द्यावा.

आता खुद्द वेगाकडे येऊ. खूप मेहनत करूनही मीटरवरचा आकडा फारसा हलत नाही म्हणून लोक खचतात. यात त्यांच्या पायांचा दोष नसतो. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला आपल्या जोरापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग हवा कापण्यात जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो, वारा पडलेला, डांबर बरं, असं धरून मी हिशोब मांडला. ताशी ३० साठी साधारण १३५ वॅट लागतात, ३३ साठी १७० च्या आसपास. तीन किलोमीटर वाढवायला पाव हिश्शापेक्षा जास्त ताकद! मोसमभर नीट सराव करून तुमची ताकद दहा टक्क्यांनी वाढली, आणि ही कमाई मोठी आहे, तर सपाटीवर वेग ३० चा ३१.२ होईल. बस्स.

तीच दहा टक्के वाढ येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढताना पूर्ण दिसते. चढावर लढाई गुरुत्वाकर्षणाशी असते आणि तिथे ताकद आणि वेग जवळपास सारख्याच प्रमाणात वाढतात. सात टक्क्यांच्या चढावर ताशी १० ने जाणारा ताशी ११ ने जाईल. म्हणून सराव लागू पडतोय की नाही हे पश्चिमेकडे जाणाऱ्या वेंगुर्ला रस्त्यावरच्या सरासरी वेगाने ठरवू नये. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर असतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे वाट अडते, आणि पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेली ट्रॉली हा तर जिवाचाच धोका. गोव्यात उतरून तिथल्या वेळेची घरच्या वेळेशी तुलना करणंही फसवं ठरतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे आपली हवा किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ आहे. खाली तेवढाच जोर लावूनही आकडा थोडा कमीच दिसणार. त्यापेक्षा एक चढ ठरवावा, शांत हवेत, त्याच सायकलीने, महिन्यातून एकदा त्याची वेळ घ्यावी.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते. कोपर वाकवून, पाठ खाली घेऊन वाऱ्याला अडणारा अंगाचा भाग आठव्या हिश्शाने कमी केला, तर सपाटीवर तेवढाच वेग वाढतो जेवढा दहा टक्के जास्त ताकदीने. फडफडणारा ढगळ शर्ट बदलणं हेही त्यातलंच. ज्याला फक्त वेळ सुधारायची आहे त्याने किलोमीटर वाढवण्याआधी आपली बैठक एकदा कोणाकडून तरी पाहून घ्यावी.

तास वाढवत नेले की फायदाही वाढतच जातो असं मात्र नाही. डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन जलतरणपटूंवर केलेला अभ्यास याबाबतीत डोळे उघडणारा आहे. सहा आठवडे एक गट रोज दीड तास पोहला, दुसरा सकाळ-संध्याकाळ मिळून तीन तास. दुप्पट पोहणाऱ्यांना जास्तीचा काहीही फायदा झाला नाही, उलट त्यांचा छोट्या अंतरातला वेग उतरला. ही मुलं आधीच कसलेली होती आणि तास एकदम दुप्पट झाले होते, हे विसरू नये. आठवड्याला तीन तासांवर असणाऱ्याला सहापर्यंत जाण्यात मोठा लाभ आहे. बारावर असणाऱ्याला पंधरापर्यंत जाऊन फार थोडा. शिवाय हृदय आणि रक्त झपाट्याने बदलतात, पण गुडघ्याभोवतालचे स्नायुबंध आणि अस्थिबंध मागून येतात. दम आहे म्हणून अंतर वाढवलं आणि गुडघा धरून बसावं लागलं, हे फार घडतं. माझ्या मते दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास वाढवावा आणि तीन आठवड्यांनंतर एक आठवडा हलका ठेवावा. सकाळची नाडी नेहमीपेक्षा सतत जास्त, झोप मोडलेली, चिडचिड आणि पाय जड, अशी लक्षणं एकत्र दिसली की वाढ थांबवावी, आणि खाणं पुरेसं होतंय का तेही पाहावं.

आपल्याकडचा खरा प्रश्न जून ते सप्टेंबर. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की आठवडेच्या आठवडे सायकल बाहेर निघत नाही. एडवर्ड कॉइल यांच्या १९८४ च्या अभ्यासात कसलेल्या खेळाडूंनी सराव पूर्ण बंद केल्यावर प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी आणि बारा आठवड्यांत १६ टक्क्यांनी घटली. पण पूर्ण बंद करण्याची गरजच नसते. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ मध्ये आठवड्याला सहा दिवस सराव केलेल्या लोकांचे दिवस चार किंवा दोनवर आणले, जोर मात्र तोच ठेवला. पंधरा आठवडे त्यांची ती क्षमता टिकून राहिली. पंधरा आठवडे म्हणजे जूनच्या मध्यापासून थेट सप्टेंबरअखेर! पुढच्या प्रयोगांत त्यांनी दिवस तेच ठेवून वेळ कमी केली तेव्हाही क्षमता टिकली; फक्त वेळ एकतृतीयांशावर आणली तेव्हा लांब पल्ल्याचा दम सुमारे १० टक्क्यांनी कमी झाला. जोर कमी केला तेव्हा मात्र क्षमताच घसरली. तेव्हा पावसाळ्यात घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा स्टँडवर, आठवड्याला दोन छोट्या पण कठीण फेऱ्या पुरतात. उघडीप मिळाली की राकसकोपच्या बाजूला एक लांब फेरी मारावी. तास वाढवण्याचं काम ऑक्टोबरपासून हाती घ्यावं.

इथले काही जण गोव्यातल्या अर्ध्या आयर्नमॅनची तयारी करतात. ती स्पर्धा २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. वरच्या हिशोबातली ३० ची ३१.२ ही वाढ ९० किलोमीटर सपाटीवर सुमारे सात मिनिटं वाचवते. पण जास्त सायकल चालवून धावणं आपोआप सुधारेल या भरवशावर राहू नये. हृदयाची कमाई धावताना उपयोगी पडते, पण स्नायूंतले बदल ज्या हालचालीने घडले तिच्याशीच बरेचसे बांधलेले असतात. त्यामुळे सायकलीचे तास वाढवताना धावणं बंद करू नये.

आणि स्पर्धेआधीचे दोन आठवडे सगळा क्रम उलटा करावा. लोरां बोस्के यांच्या गटाने २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की सुमारे दोन आठवडे सरावाचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवणाऱ्यांना सर्वाधिक लाभ होतो. दिवस तेवढेच ठेवायचे, जोरही तोच, फक्त फेऱ्या आखूड करायच्या. सहा महिने वाढवत आणलेले किलोमीटर निम्मे करताना जीव वरखाली होतो, आणि शेवटच्या शनिवारी आणखी एक घाट करून यावासा वाटतो. त्या शनिवारी तासभर हलकी सायकल चालवावी, मध्ये मिनिटभराचे तीन-चार जोर काढावेत, आणि जेवून लवकर झोपावं.