आच्छादन, जमिनीचे (रंगकामातील)

घराच्या भिंती, छत किंवा लाकूडकाम रंगवताना रंगाचे थेंब, शिंतोडे, लांबीचा (पुट्टीचा) चुरा व जुन्या रंगाची खरवड फरशीवर पडू नये म्हणून तात्पुरते अंथरलेले आवरण. व्यावसायिक रंगारी यासाठी जाड सुती कॅनव्हास किंवा प्लॅस्टिकचा ताव वापरतात. घरच्या घरी रंग देताना बहुधा जुन्या चादरी, जुनेरे, गोणपाट, रद्दी आणि उलगडलेले खोके यांवर भागवले जाते. प्रस्तुत नोंद मुख्यतः या साधनांविषयी आहे.

या कामी येणाऱ्या ताडपत्रीच्या नावाच्या दोन व्युत्पत्ती संभवतात. शब्दाचे रूप पाहता तो ‘ताडाचे पान’ या अर्थाच्या ताडपत्रावरून आला असे सहज वाटते. दुसरी शक्यता अशी, की इंग्रजीतील ‘टारपॉलिन’ मराठीत येताना ओळखीच्या ताडपत्राच्या साच्यात बसला. टारपॉलिन हा शब्द डांबर आणि आच्छादनवस्त्र या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनला असावा. सतराव्या शतकाच्या आरंभापासून तो इंग्रजीत आढळतो. हिंदीतील ‘तिरपाल’ त्याच शब्दापासून निघाला असे सामान्यतः मानतात. त, र/ड, प हा व्यंजनक्रम आणि जलरोधक कापड हा नेमका अर्थ दोन्हीकडे जुळत असल्याने दुसरी व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते. पानांच्या आच्छादनाची आठवण या जुळणीला पोषक ठरली असेल, हेही शक्य आहे.

रद्दीचा हा उपयोग फार जुना नसावा. लाकडाच्या लगद्यापासूनचा स्वस्त कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विपुल झाला. घरोघरी वर्तमानपत्रे साठू लागली ती त्यानंतरच. पॉलिथिनचा शोध ब्रिटनमध्ये १९३३ साली लागला व १९३९ मध्ये त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. कडा चिकटवण्याची कागदी पट्टी (मास्किंग टेप) अमेरिकी संशोधक रिचर्ड ड्रू यांनी १९२५ च्या सुमारास मोटारींच्या दुरंगी रंगकामासाठी तयार केली. ती घरात पुढे आली.

आच्छादनाची निवड रंग कसा वाळतो यावर अवलंबून असते. इमल्शन या पाण्यात मिसळलेल्या रंगातील पाणी उडून गेले की बहुवारिकाचे (पॉलिमरचे) कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. तोवर ओल्या फडक्याने डाग निघतो, नंतर पाण्याला दाद देत नाही. तैलरंग हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे तो बराच वेळ ओला राहतो. पातळ चादरीतून तो झिरपतो आणि सच्छिद्र दगडात तेलाचा डाग उतरतो. जाड कापड थेंब शोषून धरते, हा त्याचा मोठा गुण. मात्र एकेरी चादर पुरत नाही, ती दुहेरी-तिहेरी घडी करून अंथरावी. प्लॅस्टिक काहीच शोषत नाही. थेंब वर तसाच राहतो, पायाला लागतो आणि पुढच्या खोलीत उमटतो. अनुभवाने पाहता फरशीवरचे बरेचसे डाग वरून पडलेल्या थेंबांपेक्षा अशा पावलांचे असतात. म्हणून खाली प्लॅस्टिक व वर जुनी चादर ही जोडी उत्तम. त्या खोलीतल्या चपला बाहेर नेऊ नयेत.

वर्तमानपत्राचा कागद हलका, चौरस मीटरला सुमारे ४० ते ५० ग्रॅम वजनाचा असतो. तो भिजला की फाटतो आणि फरशीला चिकटतो. त्यावरची शाई मुख्यतः कागदात मुरूनच सुकते, पुरती घट्ट होत नाही. त्यामुळे ओल्या रद्दीची शाई फिकट दगडावर उतरू शकते. पुठ्ठा याहून भरवशाचा, विशेषतः डब्याखाली व भिंतीलगत. रोलर भिंतीवरून उचलला जाताना रंगाचे तंतू ताणून तुटतात व त्यांचे बारीक तुषार होतात. रोलर वेगाने फिरवला तर ते वाढतात आणि भिंतीपासून दूरवर पडतात. यासाठी केवळ भिंतीलगतची पट्टी झाकून भागत नाही.

शिडीच्या पायांखाली सैल कागद, कापड वा प्लॅस्टिक ठेवू नये. तेवढी जागा मोकळी सोडावी.

चुन्याचे शिंतोडे अल्कधर्मी असतात आणि टॅनिन हे तुरट द्रव्य असलेले लाकूड त्यांनी काळवंडते. ते काढण्यासाठी संगमरवरावर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नये, कारण संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट असल्याने आम्लाने झिजतो.

जुना रंग खरवडताना शिशाचा धोका संभवतो. अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. तेथील नियमांनुसार या बंदीआधी बांधलेल्या घरांत व्यावसायिक दुरुस्तीच्या वेळी कामाच्या पृष्ठभागापासून ६ फुटांपर्यंत प्लॅस्टिक अंथरावे लागते. कापडाच्या विणीत धूळ अडकते व झटकताना पुन्हा उडते, म्हणून येथे चादर चालत नाही. प्लॅस्टिक आतल्या बाजूला दुमडून उचलावे आणि फरशी न झाडता ओल्या फडक्याने पुसावी.

जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकणे घातक आहे. तेलाच्या ऑक्सिडीकरणात उष्णता निर्माण होते. ती आत कोंडून कापड आपोआप पेटू शकते. अशी कापडे उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत.